देठाकडची चकती

बटणमावशीला भाजीची भीती लावली ती दोन सख्ख्या भावांनी, आणि त्या दोघांना जन्मात कधी त्याचा पत्ता लागला नाही.

तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. बाजारातून परत येताना चपलेचा अंगठा तुटला, म्हणून बाजाराच्या मागच्या बाजूला रिकामे क्रेट रचून ठेवतात तिथे ती टेकली आणि पिशवीतला दोरा काढून अंगठा बांधायला लागली. क्रेटच्या पलीकडे कुणीतरी भांडत होतं. आवाज ओळखीचे निघाले. ज्यांच्याकडून ती रोज भाजी घ्यायची तेच हे दोघे भाऊ. ओरडून चाललेल्या भांडणाला कुणी भीत नाही, लोक उलट दारात येऊन उभे राहतात. हे मात्र दात आवळून, हळू आवाजात चाललं होतं.

थोरला म्हणत होता, "काल संध्याकाळी फवारलंस आणि आज तोडून आणलंस? अजून वास मारतोय."

"लोक धुऊन घेतात."

"आणि नाही धुतलं म्हणजे?"

"म्हणजे काय? आपल्याला कुठे खायचंय? घरच्यासाठी मी वेगळा वाफा ठेवलाय."

थोरल्याने टोपलीवरचं पोतं नीट केलं. मग म्हणाला, "मग ठीक आहे."

भांडण मिटलं. बटणमावशी त्या "ठीक आहे"ला जी घाबरली ती घाबरलीच. तिच्या मांडीवर त्याच दुकानातले टोमॅटो होते, लालबुंद, आणि ते आपल्याकडे बघताहेत असं तिला वाटायला लागलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून लोक त्याला लिफ्टवाला म्हणत. दिवसभर लिफ्टच्या खोल खड्ड्यात तारेला लोंबकळणारा माणूस, त्याला टोमॅटोचं काय भय असणार. त्याने पिशवीतला एक उचलला, शर्टाला पुसला आणि तिच्यासमोर उभ्याउभ्या खाल्ला. "मेलो का?" म्हणाला. ती मात्र दिवेलागणीपर्यंत काही ना काही निमित्त काढून त्याच्या आसपास घुटमळत राहिली.

मुळात ती भित्रीच. खालच्या रस्त्यावर शिंपीमास्तरांचं दुकान होतं. तिथले शर्ट घरी आणून ती काजं करायची, बटणं लावायची, म्हणून सगळे तिला बटणमावशी म्हणत. लावलेलं प्रत्येक बटण ती ओढून बघे. मग शर्ट घडी करून झाला की घडी मोडून पुन्हा ओढून बघे. मास्तर म्हणायचे, "मावशी, तुमचं बटण तुटत नाही, कापड फाटतं." गॅस बंद केला का म्हणून ती अर्ध्या जिन्यातून परत फिरायची. मुलीच्या हातात फुगा दिसला तर फुटून डोळ्याला लागेल म्हणून स्वतःच टाचणीने फोडून टाकायची, आणि मग मुलीला समजावत बसायची. भाजी तर मिठाच्या पाण्यात इतकी भिजवायची की पालक पालकासारखा दिसत नसे. आज्ज काहीतरी होणार, असं तिला रोज वाटे, आणि रोज काही होत नसे. त्यामुळे घरातल्यांनी तिच्याकडे लक्ष देणं केव्हाच सोडून दिलं होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते तसं.

मुलीचं लग्न झालं, नवरा कामातून मोकळा झाला, आणि दोघं त्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेली. खोल्या लहान, पण पुढे मोकळी गच्ची. लिफ्टवाल्याने तिथे खुर्ची टाकून बसायचं ठरवलं होतं. बटणमावशीने गच्ची बघितली आणि म्हणाली, "अहो, मी इथे भाजी लावते. आपली आपण खाऊ. कुणाच्या फवाऱ्याची भानगड नको."

आयुष्यात तिने कुंडीत तुळतुळीत प्लॅस्टिकच्या फुलांशिवाय काही ठेवलं नव्हतं. पण भीती माणसाला कामाला लावते. रोपवाटिकेत जाऊन तिने माती आणली, तीसुद्धा पिशवी-पिशवीने, कारण जास्त वजन झालं तर गच्ची खाली येईल. नवरा गच्चीच्या मधोमध जाऊन उड्या मारून दाखवायला लागला. तिने डोळे मिटून घेतले.

पहिल्या वर्षी काय काय झालं ते सांगायला बसलं तर संध्याकाळ होईल. स्वयंपाकघरातला ओला कचरा तिने झाकणाच्या डब्यात साठवला, खत होईल म्हणून. खत होण्याऐवजी तो असा काही घाण मारायला लागला की खालच्या मजल्यावरची माणसं गटार तपासून गेली. कोरडी पानं घालायची असतात, हे तिला नंतर कळलं. मिरच्यांवर मावा पडला तेव्हा त्या बारीक हिरव्या किड्यांना साबणाचं पाणी मारायचं होतं, पण साबण म्हणजेही औषधच की, म्हणून ती ओल्या कापडाने एकेक पान पुसत बसली. पालक उन्हाने गेला, टोमॅटो पाण्याने गेले. ती रोज सकाळी आजाऱ्याच्या खोलीत शिरावं तशी गच्चीत शिरायची, दबक्या पावलांनी.

पण दुधी लागला. रोपवाटिकेतून एकच रोप आणलं होतं, ते कठड्यावरून असं पसरलं की बघत राहावं. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, पतंग यायचे. पहिला दुधी तिने पोटाशी धरून आत आणला. लिफ्टवाला म्हणाला, "बारसं करायचं का?" शिजवल्यावर मात्र त्याने दोनदा मागून घेतला. बटणमावशी त्या दिवशी पहिल्यांदा मिठाचं पाणी न करता जेवली. 

आणि इथेच पुढच्या सगळ्याची सुरुवात झाली. पुढच्या वर्षाच्या बियांसाठी ती दुकानात गेली तर पाकिटातल्या बिया गुलाबी. दुकानदार म्हणाला, बियांना बुरशी लागू नये म्हणून औषध लावलेलं असतं, हात धुऊन टाका. झालं. हात धुऊन टाका म्हटल्यावर ती कसली घेते. घरी आली, आणि वेलावर मुद्दाम वाळायला सोडलेला एक दुधी फोडून त्यातल्या बिया काढल्या. घरच्या, बिनरंगाच्या, खात्रीच्या. नवऱ्याला म्हणाली, "आता बीसुद्धा माझंच."

शेजारच्या गच्चीवर एक पेंटर राहायचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि हौसेने शोभेचे भोपळे लावायचा. बुटके, मान वाकडी असलेले, खाण्याचे नव्हेत. वाळवून, पोखरून त्यांचे दिवे करायचा. त्याचीही फुलं पांढरीच, तीही संध्याकाळीच उमलायची. दोन गच्च्यांच्या मध्ये कंबरभर कठडा. पतंगांना कठड्याचं काय.

दुसऱ्या वर्षी दोन वेल वाढले. पहिल्या वेलाचा दुधी निघाला तो लोण्यासारखा. बटणमावशीची छाती इतकी फुगली की ती स्वतःच जरा घाबरली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या वेलालाही तीन धरले, हिरवेगार, हातभर लांब. ते तिने एका सकाळी काढले. एक मास्तरांना शर्टांबरोबर देऊन आली. एक घरात ठेवला. तिसरा मुलीकडे गेला. जावई रात्रपाळी करून घरी जाताना डोकावला होता, त्याच्या हातात तिने तो कागदात गुंडाळून दिला. मुलीची मुलगी, सगळे तिला चिमणी म्हणत, नुकतीच वरचं अन्न खायला लागली होती. मऊ शिजवून कुस्करून द्या, असं बटणमावशीने सांगितलं. आणि जन्मात कधी बोलली नव्हती ते बोलली, "डोळे झाकून द्या म्हणावं. घरचा आहे."

दुपारी ती जेवण करायला लागली. दुधी चिरला, तेलावर परतला, वाफ आणली. लिफ्टवाल्याने पहिला घास तोंडात घातला आणि त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं दात पडला. त्याने घास ताटाच्या कडेला काढला.

"अगं, हे काय घातलंस ह्यात?"

"काही नाही. काय झालं?"

"कडू आहे. साधं कडू नाही, जिभेला चटका बसतोय."

तिने बोटाने एक फोड उचलून जिभेला लावली. कडूपणा जिभेवरून घशाकडे गेला आणि तिथेच बसला, पाणी प्यायलं तरी हलेना. हाताला लागेल त्या टॉवेलने तिने जीभ पुसली. मग रोपवाटिकेतल्या बाईंना फोन लावला. त्या बाई एरवी फोनवर दहा गोष्टी विचारायच्या, टोमॅटो कसे आहेत, खत झालं का. आज त्यांनी एकच विचारलं.

"आधी सांगा, गिळलंत का?"

बटणमावशीने टॉवेल पुन्हा जिभेला लावला. नाही म्हणाली. मग बाईंनी बी कुठलं ते विचारलं. घरचं, म्हटल्यावर विचारलं, आसपास कुणी शोभेचे भोपळे लावलेत का. बटणमावशीने मान वळवून कठड्याकडे पाहिलं. पेंटरचे बुटके भोपळे उन्हात आरामात बसले होते. बाई सांगत होत्या की अशी सरमिसळ झाली की पहिल्या फळात काही कळत नाही, त्याच्या बियांतून येणारा एखादा वेल कडू निघतो, आणि तो कडूपणा म्हणजे विष, शिजवून जात नाही, माणूस दवाखान्यात जातो. टाकून द्या, म्हणाल्या. आणि कुणाला दिला असेल तर आधी तो परत आणा.

तिने फोन ओट्यावर ठेवला. लिफ्टवाला उठून उभा राहिला होता. तो काही थट्टा करेल तर बरं, असं तिला वाटलं. पण त्याने थट्टा केली नाही, फोन उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.

मुलीचा फोन वाजत राहिला. चिमणी झोपते तेव्हा मुलगी फोनचा आवाज बंद ठेवायची. जावयाचा बंदच, रात्रपाळीचा माणूस झोपला असणार. बटणमावशी लावत राहिली, कान तापला तरी लावत राहिली. शेवटी लिफ्टवाला म्हणाला, मी इथून फोन लावत बसतो, तू नीघ. त्याचे गुडघे अलीकडे गेलेले, जिना उतरायलाच त्याला वेळ लागायचा.

ती निघाली. गॅस बंद आहे का ते बघायला त्या दिवशी ती परत फिरली नाही.

मास्तरांचं दुकान वाटेवरच. कापड कापायच्या टेबलावर ठाणाशेजारी दुधी पडला होता. तिने काही न बोलता तो उचलला. मास्तर हसून म्हणाले, "अहो मावशी, दिलेली वस्तू परत नेता?" ती "कडू आहे, खाऊ नका" एवढंच बोलली आणि बाहेर पडली. मास्तर मागून म्हणत होते की कडू तर कडू, आमच्या हिला कारल्याची सवय आहे. ती परत वळली, दुधी फूटपाथवरच्या कचऱ्याच्या पिंपात घातला आणि वर पिंपातलाच कागद ढकलला, कुणाला दिसू नये म्हणून.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, पण ती बसली नाही. उभी राहिली म्हणजे बस लवकर जाईल अशातला प्रकार. दर थांब्यावर माणसं सावकाश उतरत होती. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत दारातच उभी राहिली, तिला ढकलून द्यावं असं बटणमावशीच्या मनात आलं. आयुष्यात तिने कुणाला धक्का लागला तरी माफी मागितली होती. तोंडातला कडूपणा अजून गेला नव्हता. टॉवेलने पुसलेल्या जिभेची ही गत, तर त्या एवढ्याशा जिभेचं काय झालं असेल. चिमणीला अजून दोनच दात होते. दुधी मऊ कुस्करला असेल, चमच्याचं विमान करून भरवला असेल. आणि भरवताना मुलगी म्हणाली असेल, आजीच्या घरचा आहे हं.

हे मनात आलं आणि तिने दांडा घट्ट धरला. इतकी वर्षं ती घाबरली ती लोकांच्या हातून काय होईल ह्याला. स्वतःच्या हाताला भ्यायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मुलीच्या घराचा जिना ती कसा चढली ते तिला नंतर आठवेना. आतून रडण्याचा आवाज येत होता. रडतेय म्हणजे श्वास आहे, असं ती मनात म्हणाली. मुलीने दार उघडलं. कडेवर चिमणी, लालबुंद, हनुवटीपासून पोटापर्यंत हिरवट लगदा.

"काय खाल्लं हिने?"

"आई? तू कशी काय अचानक? अगं कुठे काय खाल्लं. पहिलाच चमचा तोंडात घातला तर थुंकला माझ्या अंगावर. तेव्हापासून भोकाड पसरलंय."

बटणमावशीने चिमणीच्या तोंडात बोट घातलं, गाल चाचपले, मग तिला नळाखाली धरून चूळ भरवल्यासारखं ओल्या फडक्याने तोंड पुसून काढलं. मुलगी अगं अगं करत राहिली. चिमणी चिडली, तिने आजीचं बोट चावलं. दोन दात चांगले लागले. बटणमावशीला त्या दुखण्याने रडू यायचं राहिलं होतं तेवढं आलं.

मग तिने विचारलं, "आणि उरलेला?"

"तो दादांनी संपवला."

दादा म्हणजे मुलीचे सासरे. घड्याळं दुरुस्त करायचे, अजूनही खिडकीपाशी भिंग लावून बसायचे. बायको गेल्यापासून एकटे, आणि ताटात टाकणं त्यांना माहीत नव्हतं. चिमणीची वाटीही त्यांनीच पुसून खाल्ली होती आणि मोठ्यांसाठी केलेली भाजीही. मुलीने मात्र एक घास तोंडात घालून थुंकून टाकला होता. दादा भिंग काढून वळले.

"या विहीणबाई. जरा कडवट होता तुमचा दुधी. पण असू द्या, कडू म्हणजे रक्ताला चांगलं. खऱ्या मालाची चव अशीच असते, आपली सवय मोडलीय."

"दादा, दवाखान्यात चला."

"कुणाला काय झालंय?"

तिने सगळं सांगितलं. शेजारचे भोपळे, पतंग, बिया, बाईंचा फोन. सांगताना तिला स्वतःलाच ते खरं वाटेना. दादा ऐकत होते, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला हसू जमत होतं. मुलगीही जरा सैलावली. बटणमावशीने तो चेहरा ओळखला. फुगा फोडल्यावर, उंबऱ्याला पाय अडखळेल म्हणून उंबरा कापायचा हट्ट धरल्यावर, लोकांचा व्हायचा तो चेहरा.

"विहीणबाई," दादा म्हणाले, "तुम्हाला मागे माझ्या पंख्याचीही भीती वाटली होती. तो अजून फिरतोय."

इतकी वर्षं रोज घाबरून तिने आपल्या भीतीची काही किंमतच ठेवली नव्हती. आता खरं काही आलं तर ते ठेवायला जागा नव्हती. दादांच्या कपाळावर घाम होता, पंख्याखाली बसून. त्यांचा हात पोटावर गेला आणि त्यांनी तो मुकाट्याने परत मांडीवर ठेवला. ते तिने पाहिलं.

ती दारापाशी गेली, त्यांचे बूट उचलले आणि त्यांच्या पायांशी आणून ठेवले. व्याह्याचे बूट. मग म्हणाली, "माझ्यावर हसा, पण तिथे जाऊन हसा. उठा."

तिचा आवाज चढला नव्हता. पण मुलगी जागची हलली, नवऱ्याला उठवायला आत गेली. दादांनी एक बूट घातला. दुसरा घालायला वाकले ते पुन्हा सरळ होईनात.

दवाखाना रस्त्याच्या टोकाला होता. तिथवर जाईपर्यंत दादांना वाटेत दोनदा उलटी झाली. जावयाने अर्धवट झोपेत त्यांना धरून नेलं. मागून चिमणीला घेऊन मुलगी, आणि बटणमावशी, एका हातात भाजीचं खरकटं पातेलं, कारण डॉक्टर विचारतील. डॉक्टरीणबाईंनी विचारलंच. रक्तदाब खाली चाललाय म्हणाल्या, सलाईन लावलं, आणि घरीच पडून राहिले असते तर अवघड झालं असतं असंही म्हणाल्या. चिमणीला तपासलं. तिने डॉक्टरांची नळी ओढली, तेव्हा ती ठीक आहे असं ठरलं.

बाहेरच्या बाकावर दोघी मायलेकी बसल्या. भिंतीवरचा रंग पोपडे येऊन सुटला होता, बटणमावशी ते पोपडे बघत राहिली. मुलगी चिमणीच्या अंगावरचा सुकलेला लगदा नखाने काढत होती. बोलली तेव्हा रागाने नाही बोलली, आणि तेच वाईट.

"आई, तू म्हणाली होतीस डोळे झाकून दे."

"हो."

"तू जन्मात कधी कशाला डोळे झाकून दे म्हणाली नाहीस. म्हणून मी आधी चाखला नाही."

 आत कुणीतरी कण्हलं की दोघी दाराकडे बघायच्या. दादा वाचतात की नाही, आणि वाचले तरी ह्या घरात आपल्या हातचं पुन्हा कुणी खाईल का, ह्या दोन भीती बटणमावशीच्या मनात आळीपाळीने येत होत्या. दुसरीची तिला लाज वाटली, पण ती जात नव्हती.

दादा वाचले. सलाईनवर सलाईन लागलं, चेहरा पडवळासारखा झाला, पण वाचले आणि घरी आले. बटणमावशीने त्याआधीच दोन्ही वेल मुळासकट उपटले होते, गोड होता तोसुद्धा. बियांचा डबा रिकामा केला. पेंटरला कळलं तेव्हा तो रडकुंडीला येऊन माझे भोपळे उपटतो म्हणायला लागला. तिने त्याला थांबवलं, तुझे भोपळे खा म्हणून तू कुणाला सांगितलं नव्हतंस, म्हणाली. मग तिने गच्चीत जाणं बंद केलं. टोमॅटोला लिफ्टवाला पाणी घालायचा, तोही गुपचूप, जसं काही बाहेरख्यालीपणा चाललाय. ती बाजारातून भाजी आणायची, मिठाच्या पाण्यात घालायची, आणि जेवताना एकेक घास तोंडात धरून बसायची.

दादा चालायला लागल्यावर एका दुपारी स्वतःच आले. जिना चढून दमले होते. बटणमावशी त्यांच्यासमोर उभी राहीना, स्वयंपाकघरातच भांडी वाजवत राहिली. ते उठून दारात आले आणि विचारलं, दुधी आहे का.

तिला वाटलं टोमणा आहे. ती म्हणाली, "दादा, आता मी काही लावणार नाही."

"का?"

"तुम्हीच विचारता का म्हणून?"

"मीच विचारणार. खाल्लाय मी." ते चौकटीला टेकले. "हे बघा, बाजारातल्या माणसाला मी काय विचारणार, तो उद्या दुसरीकडे बसतो. तुम्ही कुठे पळणार? तुम्ही माझ्या नातीची आजी. पुढच्या वेळी आधी तुम्ही खायचा, माझ्यासमोर. मग मी."

बटणमावशीने पातेलं खाली ठेवलं. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं, आणि हसता हसता भीतीही वाटली, कारण ते खरंच म्हणत होते.

रोपवाटिकेतून तिने पुन्हा रोप आणलं. घरचं बी धरलं नाही. आणि तेव्हापासून तिची एक रीत पडली. कुणाच्याही दारात दुधी घेऊन गेली की आधी सुरी मागायची. देठाकडची एक पातळ चकती कापायची, कच्चीच तोंडात टाकायची, चावायची आणि उभी राहायची. समोरच्यानेही तोवर काही बोलायचं नाही. मास्तर म्हणायचे, "मावशी, आमचं दुकान आहे की न्यायालय?" पण सुरी आधीच काढून ठेवायचे. तेवढ्या वेळात तिला काय व्हायचं ते कुणाला दिसत नसे. जीभ आत ओढली जायची, छातीत धडधडायचं, दर वेळी, नव्याने. सवयीने ते कमी होईल असं लिफ्टवाला सांगायचा. तो गेला तोवरही झालं नव्हतं. पण त्या भीतीवर आता कुणी हसत नसे. तिची ती एक भीती घराने मान्य केली होती.

म्हातारपणी तिचे हात कापायला लागले, काजं सुटली, मास्तरांच्या मुलाने यंत्र आणलं. गच्चीत चार कुंड्या उरल्या आणि एक वेल. शेवटचं बाहेर जाणं झालं तेही मुलीकडेच. सकाळी दुधी काढला, कागदात गुंडाळला, बसने गेली. बसमध्ये एका मुलाने उठून जागा दिली, ती बसली. जिना थांबत थांबत चढली. दार चिमणीने उघडलं, ती आता आजीपेक्षा उंच झाली होती. आतून दादांनी खोकून विचारलं कोण आहे, आणि चिमणी म्हणाली, आजी आहे, सुरी आणते.

बटणमावशीने उभ्याउभ्याच देठाकडची चकती कापली. सुरी जरा वाकडी गेली. चकती तोंडात टाकली, उरलेल्या दातांनी चावली, आणि भिंतीला हात लावून थांबली. चिमणी तिच्या तोंडाकडे बघत होती. आतल्या खोलीत दादाही गप्प होते.

मग तिने गिळलं, दुधी चिमणीच्या हातात दिला, सुरी फडक्याला पुसून परत केली आणि बस चुकायला नको म्हणून निघाली.